चार पानांच्या साइटला सर्टिफिकेट लागतं का?

२०१८ चा पावसाळा. वरूड तालुक्यात संत्र्याच्या कलमांची गर्दी सुरू होती आणि एका नर्सरीवाल्या काकांचा मला फोन आला. त्यांची साइट मीच बनवून दिली होती. पानं चार: नर्सरीची माहिती, कलमांचे फोटो, यंदाचा भाव आणि फोन नंबर. काका तापलेले होते. "भाऊ, पांढुर्ण्याहून एक जन फोन करून पुसते, का जी, हे तुमची साइट असली हाय का खोटी? वर 'नॉट सिक्युअर' लिवलं हाय म्हणते. आपन तं कोनाचं काही घेतलं नाही!"

त्यांचा राग मला पटला. साइटवर पासवर्ड नव्हता, पैसे भरायची सोय नव्हती, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. भाव तर काका स्वतः खडूने फळ्यावर लिहून तो फळा रस्त्याच्या कडेला उभा करतात. साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट नंतर पाहू, म्हणून मीच ते काम मागे टाकलं होतं. आणि त्या जुलैत गूगलच्या क्रोम ब्राउझरची ६८ वी आवृत्ती आली. तिने सर्टिफिकेट नसलेल्या प्रत्येक साइटच्या पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' लिहायला सुरुवात केली. जानेवारी २०१७ पासून हा शेरा पासवर्ड किंवा कार्ड नंबर विचारणाऱ्या पानांवर येतच होता, आता तो सगळ्यांना लागू झाला. काकांच्या साइटमध्ये काहीच बदललं नव्हतं, बदल पाहणाऱ्याच्या फोनमध्ये झाला होता.

गावात किंवा तालुक्याला पहिल्यांदा साइट काढणारे माझ्या दुकानात येतात तेव्हा हाच प्रश्न विचारतात: साधीच तर आहे, लागतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. साइट इंटरनेटवर कोणालाही उघडता येत असेल, तर लागतं. पैसे मात्र लागत नाहीत. डोकं लावायचं ते पुढे सांभाळणार कोण, यावर. आता एकेक पायरी पाहू.

पाकिटाचं सील

आधी हे नेमकं करतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातात. कृषी केंद्रात कापसाच्या बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट हातात घेतलं की आपण काय पाहतो? सील शाबूत आहे का आणि लेबल कोणाचं आहे. सील सांगतं की कंपनीत बंद झाल्यापासून मधे कोणी पाकीट उघडलं नाही. लेबल सांगतं की माल कोणाचा. उगवण होईल का, बोंडअळी येईल का, हे दोन्हीपैकी एकही सांगत नाही.

साइटचं सर्टिफिकेट ही दोनच कामं करतं. तुमचं पान होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे भाड्याने ठेवलेली असते त्या, सर्व्हरवरून निघतं आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचतं. मधे इंटरनेट कंपनीची यंत्रणा, मोबाइलचा टॉवर किंवा कोणाचा तरी वायफाय राउटर असतो. सर्टिफिकेट नसेल तर पान या सगळ्यांच्या हातून उघडं जातं. त्यांना ते वाचता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांना ते बदलताही येतं, हे लोक विसरतात. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हा सवाल फक्त वाचण्यापुरता बरोबर आहे. काकांचा फोन नंबर कोणी वाचला तर काका खूशच होतील. तो मधल्या मधे दुसऱ्या नर्सरीचा झाला तर?

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. नागपूरला एका लॉजच्या वायफायवर मी माझंच बनवलेलं एक पान उघडलं, तर खाली रमीच्या खेळाची जाहिरात. मी ती कधी टाकली नव्हती. मोबाइल डेटावर उघडलं तर जाहिरात गायब. तेव्हापासून मी हा विषय गिऱ्हाइकाला पटवत बसत नाही, सर्टिफिकेट बसवूनच साइट हातात देतो.

आणि चोरबीटी, म्हणजे मान्यता नसलेलं, चोरून विकलं जाणारं कापसाचं बियाणं, विसरू नका. तीही चकचकीत, सीलबंद पाकिटातच येते. तसंच लुबाडणाऱ्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं, कारण साधं सर्टिफिकेट देणारा फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या ताब्यात आहे एवढंच तपासतो, माणूस कसा आहे ते नाही. लोक पत्त्याजवळचं कुलूप पाहून साइट प्रामाणिक समजायला लागले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलपाचं चिन्ह काढून तिथे सेटिंगचं चिन्ह ठेवलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आधी फोन काढा

कोणालाही काही विचारण्याआधी, पैसे देण्याआधी, हे करा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. क्रोमच्या पट्टीत तुमच्या साइटचा पत्ता लिहा, पण त्याच्या पुढे 'एचटीटीपीएस' जोडा, शेवटचा 'एस' न विसरता, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि दोन तिरप्या रेघा. सर्टिफिकेटवाल्या पानाचा पत्ता यानेच सुरू होतो, बिनसर्टिफिकेटचा नुसत्या 'एचटीटीपी'ने. उघडा.

पान सरळ उघडलं आणि कुठला शेरा आला नाही, तर सर्टिफिकेट आधीच आहे. बऱ्याच जणांचं असं निघतं. होस्टिंगवाल्याने गुपचूप लावून दिलेलं असतं आणि मालक मात्र ते विकत घ्यायला निघालेला असतो. गूगल साइट्स, वर्डप्रेस डॉट कॉम, ब्लॉगरचा ब्लॉगस्पॉटवाला पत्ता, यांवर साइट असेल तर ते मिळालेलंच असतं. फक्त ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन लावलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन एचटीटीपीएस चालू करावं लागतं.

'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं पानभर आलं, तर सर्टिफिकेट आहे पण त्यात खोट आहे. घाबरून फोन बंद करू नका, खाली बारीक अक्षरांत एक कोड असतो तो वाचा. त्यात 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असेल तर मुदत संपली. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे, आणि बहुतेक वेळा भानगड तीन डब्ल्यूंची असते: डब्ल्यूवाल्या नावाला आहे, बिनडब्ल्यूच्या नावाला नाही. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' म्हणजे ते कोणीतरी घरच्या घरी बनवलेलं आहे, ब्राउझर त्याला ओळखत नाही. आणि हो, त्याआधी फोनची तारीख बघा. बॅटरी उतरून तारीख मागे गेलेल्या फोनवर चांगल्यातली चांगली साइटही हाच इशारा दाखवते. माझ्याकडे अशी 'बंद पडलेली साइट' घेऊन येणारे वर्षाला दोन-तीन असतातच.

पान उघडलंच नाही, गोल फिरत राहिलं किंवा कनेक्शन नाकारलं असं आलं, तर बहुधा सर्टिफिकेट बसवलेलंच नाही. साधं पान सर्व्हरच्या ८० नंबरच्या दारातून येतं, सर्टिफिकेटवालं ४४३ नंबरच्या. तुमचं ४४३ बंद आहे.

साइटवर काय टाइप होतं, काय दिसतं

आता निर्णय. कागदावर साइटची सगळी पानं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंदवा: लोक इथे काय टाइप करतात आणि इथे काय वाचून पुढे काय करतात.

टाइप होण्याचं सोपं आहे. संपर्काचा फॉर्म, ग्रामपंचायतीच्या साइटवर तक्रारीचा रकाना, शाळेच्या साइटवर प्रवेशाची माहिती, असं काहीही असेल तर चर्चा संपली, सर्टिफिकेट हवंच. नाव आणि मोबाइल नंबर गोळा केला तरी तो लोकांचा वैयक्तिक डेटा आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तो सांभाळायची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

इथे एक पासवर्ड सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: तुमचा स्वतःचा. "आमच्या साइटवर कोणी लॉगिन करत नाही" म्हणणाऱ्याची साइट वर्डप्रेसवर असते आणि भाव बदलायला तो स्वतः रोज लॉगिन करतो. तेही कधी तालुक्याच्या सायबर कॅफेतून, कधी बडनेरा स्टेशनच्या फुकट वायफायवरून. सर्टिफिकेट नसेल तर तो पासवर्ड उघडाच जातो. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक छोटं साधन निघालं होतं. ते ब्राउझरला जोडलं की एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात नुसत्या एका क्लिकने शिरता यायचं. ते बनवणाऱ्याला हेच दाखवायचं होतं की लॉगिन झाल्यावर साइटा उघड्या पडतात. पुढे मोठ्या साइटा एकेक करून पूर्ण एचटीटीपीएसवर गेल्या. आपल्या छोट्या साइटा तिथेच राहिल्या.

दिसण्याचं थोडं जास्त विचार करण्यासारखं आहे. फोन नंबर, यूपीआयचा क्यूआर, बँक खात्याचा नंबर, औषध पंपाला किती मिली टाकायचं त्याचं कोष्टक: ज्या गोष्टीवर विसंबून माणूस पुढे पैसे किंवा हात हलवतो, ती मधे बदलली गेली तर नुकसान त्याचं आणि नाव तुमचं. "पैसे आम्ही साइटवर घेत नाही, फक्त क्यूआरचा फोटो टाकलाय" असं एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक मला सांगत होते. अहो, मग पैसे घेताच की! पेमेंट गेटवे लावलं असतं तर निदान त्याचं पान तरी सीलबंद आलं असतं. तुमचा क्यूआर उघड्या पानावर आहे.

एवढं सगळं नसेल, अगदी काकांसारखी फळ्यावरची साइट असेल, तरी ब्राउझरचा शेरा उरतोच. आणि तो वाढत चाललाय. गूगलने २०२५ मध्ये जाहीर केलंय की ऑक्टोबर २०२६ च्या क्रोमपासून, सर्टिफिकेट नसलेल्या सार्वजनिक साइटवर पहिल्यांदा जाताना ब्राउझर आधी थांबवून परवानगी विचारेल. पांढुर्ण्याचा तो माणूस निदान पान पाहून फोन तरी करत होता. पुढे तो पानापर्यंत पोचायच्या आधीच परत फिरेल.

आणखी एक. पाहणाऱ्याचं ठिकाण विचारणं, कॅमेरा चालू करणं, नेट नसतानाही पान उघडणं, या सोयी ब्राउझर बिनसर्टिफिकेटच्या साइटला देतच नाहीत. 'माझ्यापासून नर्सरी किती किलोमीटर' असं बटण काकांना हवं होतं, ते नुसत्या एचटीटीपीवर चाललंच नसतं. क्रोमने एप्रिल २०१६ पासूनच ठिकाणाची सोय तिथे बंद केली आहे.

कुठे खरंच नाही लागत

दूध संकलन केंद्रातल्या कॉम्प्युटरवर चालणारं आणि त्याच खोलीतल्या राउटरवरून दिसणारं पान. राईस मिलच्या आतलं वजनाचं पान. शाळेच्या लॅबमध्ये पोरांनी शिकण्यासाठी बनवलेली साइट. यांचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर सार्वजनिक सर्टिफिकेट तुम्हाला मिळणारच नाही, कारण तो पत्ता जगात हजारो ठिकाणी आहे, तो एकट्या तुमच्या नावावर कोण लिहून देईल? स्वतःच्याच कॉम्प्युटरवर साइट बनवून पाहताय, तर ब्राउझर तिला तसंही सुरक्षित धरतो. महिनाभरात बंद करायचीच असलेली साइट असेल तर तीही सोडा.

"महिन्याला दहाच लोक पाहतात" ही सूट नाही. त्या दहांत एक लग्नाचा हॉल बुक करणारा असतो.

कोणतं घ्यायचं, कितीला

काकांच्या होस्टिंगवाल्याला मी फोन केला तेव्हा त्याने वर्षाचे दोन हजार सांगितले. होस्टिंगच अकराशेचं होतं. मग म्हणाला, साधं, मध्यम आणि भारी असे तीन प्रकार आहेत, भारी घेतलं तर "सिक्युरिटी जास्त".

हे ऐकलं की सावध व्हा. तिन्ही प्रकारांत पानाला लागणारं सील एकच असतं, मजबुतीत फरक नाही. फरक आहे तो लेबल लावण्याआधी किती चौकशी केली याचा. साध्यात फक्त डोमेन तुमच्या ताब्यात आहे ना, हे तपासतात. मधल्यात संस्थेची कागदपत्रं पाहतात. भारीत आणखी खोल जातात, आणि पूर्वी त्याबद्दल पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव झळकायचं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते नाव पट्टीतून काढून टाकलं. म्हणजे ज्यासाठी पैसे द्यायचे ते आता गिऱ्हाइकाला दिसतही नाही. नर्सरी, मंगल कार्यालय, कृषी केंद्र, बचत गट, शाळा, यांना साधं पुरतं.

आणि साधं फुकट मिळतं. अमेरिकेतल्या इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या ना-नफा संस्थेने लेट्स एन्क्रिप्ट नावाची सेवा काढली. डिसेंबर २०१५ पासून ती कोणालाही खुली आहे. तिचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मशीन ते आपोआप नवं करून घेतं. फुकट आहे म्हणून कमअस्सल नाही. एक बारीक अडचण आहे: अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना या सेवेचं आत्ताचं मूळ सर्टिफिकेट ओळखता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक इतके जुने फोन वापरत असेल तर विचार करा. माझ्या गिऱ्हाइकांत आता असा फोन क्वचितच दिसतो.

"सर्टिफिकेट घ्या, गूगलमध्ये वर याल" असंही सांगणारे भेटतात. २०१४ मध्ये गूगलने एचटीटीपीएसला क्रमवारीत थोडं वजन देतो असं सांगितलं होतं, हे खरं. पण ते हलकं वजन असल्याचंही त्यांनीच सांगितलं होतं. त्यासाठी पैसे मोजू नका.

सहकारी बँकेचं काम हातात आलं असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'बँक डॉट इन' या डोमेनवर नेलंय, त्यांचे नियम निराळे आणि कडक आहेत. ते काम जाणत्याकडेच द्या.

जाता जाता नावाचा घोळ: सगळे 'एसएसएल' म्हणतात, मीही म्हणतो, पण ती जुनी पद्धत केव्हाच मोडीत निघाली. आता चालतं ते टीएलएस. बिलावर कोणतंही नाव असलं तरी भांडू नका.

बसवायचं कसं

होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, लॉगिन करा. सिक्युरिटीच्या भागात 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' नावाचं चिन्ह असतं. आत तुमची सगळी नावं यादीत दिसतील, डब्ल्यूवालं आणि बिनडब्ल्यूचं दोन्ही. दोन्हींवर खूण करा आणि 'रन ऑटोएसएसएल' दाबा. चहा घेऊन या. बहुतेक वेळा परत येईपर्यंत हिरवी खूण आलेली असते.

नाही आली तर कारण बहुधा हे: डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे वळलेलं आहे. सर्टिफिकेट देणारा तुमच्या साइटवर एक छोटी फाइल ठेवायला सांगतो आणि बाहेरून येऊन ती सापडते का पाहतो. सापडली, म्हणजे डोमेन तुमच्या ताब्यात. डोमेन दुसरीकडे वळलेलं असेल तर तो तिथे शोधतो आणि रिकाम्या हाताने परत जातो.

होस्टिंगवाला फुकट सोय देतच नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला होस्टिंग बदला, एवढं सरळ. तोपर्यंत गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे क्लाउडफ्लेअर ही सेवा लावता येते. त्यांनी सप्टेंबर २०१४ पासून फुकट खात्यालाही ही सोय दिली आहे. पण तिथे 'फ्लेक्सिबल' नावाचा पर्याय दिसेल. तो घेतला तर गिऱ्हाइकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत सील असतं आणि तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत पान उघडंच जातं. वरून सगळं छान दिसतं, म्हणूनच तो वाईट. सर्व्हरवर सर्टिफिकेट बसेल तेव्हा 'फुल स्ट्रिक्ट' करा. स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर सर्टबॉट हा सर्टिफिकेट आणून बसवणारा प्रोग्राम वापरा, त्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, सर्व्हर चालवणाऱ्याला ते जमतं.

एक विनंती. सर्टिफिकेट विकत घेतलं तर सोबत 'प्रायव्हेट की' नावाची फाइल असते. एकाने मला ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पाठवली, ज्यात सतरा लोक होते. ती घराची किल्ली आहे. अशी किल्ली फिरली की सर्टिफिकेट रद्द करून नवं घ्यावं लागतं.

बसवल्यावर जे बिघडतं

आधी साइटची एक प्रत उतरवून ठेवा. मग जुन्या पत्त्यावरून येणाऱ्याला नव्याकडे वळवा. सीपॅनलच्या 'डोमेन्स'मध्ये 'फोर्स एचटीटीपीएस' असं बटण असतं. हे केलं नाही तर सर्टिफिकेट असूनही लोक जुन्या उघड्या दारानेच येत राहतात. वळवलं की बोर्डावर छापलेला पत्ता, व्हिजिटिंग कार्डं, टेम्पोवर रंगवलेलं नाव, काहीच बदलावं लागत नाही.

काकांच्या साइटवर हे केलं आणि पुढे ब्राउझर कडक झाले तेव्हा कलमांचे दोन फोटो गायब. बाकीचे ठीक. झालं असं की ते दोन फोटो मी दुसऱ्या एका सर्व्हरवरून घेतले होते आणि त्यांचा पत्ता पानात पूर्ण लिहिला होता, बिन'एस'चा. पान सीलबंद, पण आतले दोन फोटो उघड्यावरून येणारे. ब्राउझर अशी मिसळ चालू देत नाही. आताचे ब्राउझर फोटो आपणहून एचटीटीपीएसने मागून पाहतात, तिथे नसला तर जागा रिकामी सोडतात, आणि स्क्रिप्ट असेल तर ती सरळ अडवतात. उपाय सोपा: फोटो आपल्याच सर्व्हरवर आणून ठेवले. वर्डप्रेस असेल तर जनरल सेटिंगमधले दोन्ही पत्ते 'एस'वाले करा आणि जुन्या लेखांतले पत्ते बदलणारं एखादं प्लगिन एकदा चालवा.

एचएसटीएस नावाचं एक सेटिंग कोणी सुचवेल. चांगलं आहे, पण घाई करू नका. ते ब्राउझरला सांगतं की या साइटवर कधीच साध्या दाराने जायचं नाही. उद्या सर्टिफिकेट बिघडलं तर गिऱ्हाइकाला इशारा ओलांडून आत यायची वाटही राहत नाही. दोन-तीन नूतनीकरणं सुरळीत जाऊ द्या, मग लावा.

सांभाळणार कोण

इथे मी स्वतः आपटलोय. एका मंगल कार्यालयाची साइट, तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, तारखा पाहायला रोज लोक येणार. मी सुरक्षेच्या हौसेने सर्व्हरवर एक नियम लावला होता, टिंबाने सुरू होणारं कुठलंही फोल्डर बाहेरच्याला दाखवायचं नाही. आणि सर्टिफिकेटवाला तपासणीची फाइल नेमकी तशाच फोल्डरात शोधतो. मशीन बिचारं रोज प्रयत्न करत होतं, रोज हात हलवत परत येत होतं. इशाऱ्याची मेल आली होती, पण ती मी साइटसाठी म्हणून काढलेल्या आणि कधी न उघडलेल्या खात्यात. एका शनिवारी मुदत संपली. अमरावतीच्या मुलीकडच्यांनी साइट उघडली तर पानभर लाल त्रिकोण. मालक मला म्हणाले, "पहिले तं नुसतं लिवून याचं नॉट सिक्युअर, आता तं दारच लावलं तुमी!" बरोबर होतं त्यांचं. सर्टिफिकेट नसण्यापेक्षा मुदत संपलेलं सर्टिफिकेट जास्त वाईट दिसतं.

त्या मेलींच्या भरवशावर तर आता राहताच येत नाही, लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून त्या बंद केल्या. आणि मुदती आखूड होत चालल्या आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्यांनी आणि ब्राउझरवाल्यांनी मिळून ठरवलंय की मार्च २०२६ पासून कोणतंही सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांचं. त्यामुळे "वर्षातून एकदा मीच बदलून देईन" असं सांगणाऱ्या पोरावर साइट सोपवू नका. आपोआप नवं होत नसेल तर ते घेऊच नका.

पोरावरून आठवलं. साइट बनवणारा पोरगा पुण्याला नोकरीला जातो, हे धरूनच चाला. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या जीमेलवर असेल तर सर्टिफिकेटचं सगळं शहाणपण वाया. आज त्याला फोन करा आणि डोमेनचं व होस्टिंगचं खातं आपल्या मेलवर, आपल्या नंबरवर करून घ्या. तो अजून तालुक्यातच आहे तोवर काम एका चहात होतं.

मग वहीत एक पान करा. डोमेन कुठून घेतलं, त्याची मुदत कधी, होस्टिंग कोणाचं, सर्टिफिकेट कोण देतं, बिघडलं तर कोणाला फोन. पासवर्ड त्या पानावर लिहू नका. आणि महिन्यातून एकदा फोनवर साइट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर बोट ठेवा. 'कनेक्शन इज सिक्युअर'वर जाऊन सर्टिफिकेटची शेवटची तारीख बघा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट मशीन साधारण ६० दिवस झाले की नवं करतं. म्हणून तीस दिवसांहून कमी उरलेले दिसले तर आपोआपचं काम अडलंय असं समजा आणि त्याच दिवशी फोन करा. ही पाहणी महिनाभराच्या अंतराने झाली तर मुदत हातातून सुटत नाही.

काकांनी त्यासाठी संकष्टी धरली आहे. चतुर्थीचा उपास असतो, चंद्र उगवायची वाट पाहत ते अंगणात बसलेले असतात, हातात फोन असतोच. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारून दोन रकाने केले आहेत, एकात संकष्टीची तारीख, दुसऱ्यात सर्टिफिकेटची. पांढुर्ण्याहून अजून फोन येतात. आता विचारतात, कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलंय का रंगपूरच्या.